बंद घुमटातली ओल

१

सकाळी सव्वासातची बस, पावणेआठला कॉलेजचं फाटक, मग चार मजले आणि त्यावर गच्चीतला लोखंडी जिना. पूर्वी तो जिना मी एका दमात चढायचे. अलीकडे मध्येच थांबून पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायचे, म्हणजे कोणी पाहिलंच तर पिशवीसाठी थांबले असं वाटावं. पाहायला तिथे कोणी नसायचं.

मी वेधशाळेची तंत्रसहायक. पाटीवर तसं होतं. काम एकच, दुर्बीण कोरडी ठेवायची. लोकांना वाटतं दुर्बिणीला धुळीची भीती. धूळ फुंकरीने उडते. ओल उडत नाही. गवतावर दव उतरतं तसं ते काचेवर उतरतं, पाच मिनिटांत अख्खं आकाश दुधाळ होतं आणि त्या रात्रीचं निरीक्षण बुडतं. हे झालं एका रात्रीचं नुकसान. रोज ओल मुरत राहिली तर काचेला बुरशी धरते, कोळिष्टकासारखी, आणि ती पुसून निघत नाही. आरशाचा मुलामाच खाऊन टाकते.

त्या वर्षी घुमटाची झडप उघडणारी मोटर जळाली. नवी मोटर परदेशातून यायची होती, तीन महिने तरी लागणार होते. त्याच्या महिनाभर आधीच दुर्बिणीच्या आरशाला नवा मुलामा देऊन आणला होता. त्यासाठी आमच्या सरांनी सहा वर्षं अर्ज केले होते. सर खगोलशास्त्राचे प्राध्यापक, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ते मला म्हणाले, "बाई, तीन महिने घुमट बंद. आत ओल शिरली तर तुम्ही आणि मी, दोघंही घरी बसू."

"नाही शिरणार, सर."

अठरा वर्षं मी हेच म्हणत आले होते.

घुमटात ओल शोषणारं मशीन होतं, कपड्यांच्या लहान कपाटाएवढं. ते दिवसरात्र घुरघुरत हवेतलं पाणी ओढायचं आणि खालच्या टाकीत टाकायचं. सकाळी मी टाकी काढायचे, मापाच्या मगात पाणी मोजायचे, व्हरांड्यातल्या बेसिनमध्ये ओतायचे आणि वहीत आकडा लिहायचे. मग दुर्बिणीच्या नळीत ठेवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या बघायच्या. निळ्या असल्या तर कोरड्या, गुलाबी झाल्या तर ओल प्यायलेल्या. त्या भट्टीत भाजून पुन्हा निळ्या करायच्या. घुमट बंद असला की टाकीत चारशे मिलिलिटर पाणी निघायचं. मशीन आलं तेव्हापासून तेवढंच, दहा-वीस इकडे तिकडे. तो मशीनचा स्वभाव असेल, असं मी धरून चालले होते.

२

घुमट बंदच आहे तर आतून रंग काढून घेऊ, असं सरांच्या मनात आलं. आतल्या भिंती काळ्या असाव्या लागतात, उजेड परतू नये म्हणून. रंगारी आला. काटकुळा, चाळिशीचा, बोलका माणूस. दुर्बिणीवर मी तीन पदरी आच्छादन घातलं आणि त्याला बजावलं, दार उघडं ठेवायचं नाही.

"थोडं लोटून ठेवतो की, बाई. आत कोंडल्यासारखं होतं."

"नको हो. बाहेर आज सत्तर टक्के आहे."

"काय सत्तर?"

"हवेतली ओल."

तो हसला. "म्हणजे माझा श्वाससुद्धा वहीत लिहीत असाल."

दोन दिवस मी मधूनमधून दार उघडून त्याला बाहेर काढत होते. तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. कुठलासा तक्ता भरून द्यायचा होता. तो मुकाट्याने भरत बसले आणि वर यायला दीड वाजला. दाराला बाहेरून कडी होती. ती मीच घातली होती, वाऱ्याने दार उघडू नये म्हणून. सकाळी नऊपासून तो आत होता.

कडी काढली तेव्हा तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला होता. काम पूर्ण झालं होतं. रागावला नव्हता. म्हणाला, "पाणी आहे का?" मी माझी बाटली दिली. ती त्याने एका दमात संपवली. खाली नळावर जाऊन पुन्हा भरून आणली, तीही संपवली.

"तुमचं मशीन माणसाला वाळत घालतं की," तो म्हणाला. मी हसले. तो हसला नाही. शिडी उद्या नेतो म्हणाला आणि गेला. शिडी न्यायला तो आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी टाकीत आठशे मिलिलिटर होते.

३

रंगाचं पाणी सुकतंय, मी म्हटलं. कोणीही हेच म्हटलं असतं. आठवडा गेला, आकडा आठशे. दुसरा आठवडा गेला. भिंतीवर तळवा ठेवून पाहिला, रंग खडखडीत वाळलेला. आकडा आठशेच. वर नाही, खाली नाही. गळती असती तर दमट दिवशी जास्त आणि कोरड्या दिवशी कमी पाणी आलं असतं. माझा वहीवर विश्वास होता, म्हणून मला ते जास्तच खटकलं.

मशीन दुरुस्त करणारा आला. त्याने पाठ उघडली, जाळी झटकली, कान लावून ऐकलं. "एकदम ठणठणीत आहे," म्हणाला. "पाणी कुठून तरी येतंय, म्हणून हे गोळा करतंय. आत कोणी राहतं का?"

"इथे कोण राहणार?"

"नाही, आपलं उदाहरण. माणूस नुसता झोपला तरी श्वासातून, अंगातून पाणी सोडतो. दिवसाला एकाचे चारशे धरा. तुमच्याकडे दोन माणसं झाली." तो स्वतःच्याच गणितावर खूश झाला. "दाराचं रबर बघा, बाई. चिरलंय ते. तिथूनच येत असणार."

तो गेल्यावर मी आत उभी राहिले. काळा रंग दिल्यापासून घुमटाच्या भिंती कुठे आहेत ते कळत नव्हतं, मोकळ्यावर उभं असल्यासारखं वाटायचं. मध्ये दुर्बीण, पांढऱ्या आच्छादनात. मशीनची घुरघुर. आणि त्या घुरघुरीच्या खाली टाकीत पडणारे थेंब, टप्... टप्. अठरा वर्षांत मी ते कधी मोजले नव्हते. त्या दिवशी मोजले. दोन थेंब जवळजवळ, मग खंड. पुन्हा दोन थेंब, मग खंड. पाण्याला असली शिस्त कुठून, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. सकाळी पाचला उठून डबा, कपडे, बस, जिना. एवढ्या दमलेल्या बाईला थेंबांतसुद्धा काहीही ऐकू येईल.

४

आमचे हे गाड्यांच्या काचा बसवतात. गाडीची पुढची काच फुटली की नवी आणायची, कडेने रबर बसवायचं, पाण्याचा थेंबही आत येता कामा नये. तेहतीस वर्षं तेच काम. मी रबराचं बोलले तर म्हणाले, "कॉलेजला अर्ज करशील, ते माणूस पाठवतील, तोवर तुझी दुर्बीण पोहायला लागेल. रविवारी मीच येतो."

"तुम्हाला एक दिवस सुट्टीचा."

"मग तुला काय दोन असतात?"

रविवारी आम्ही दोघं गेलो. कॉलेज रिकामं. यांनी जुनं रबर खरवडून काढलं, नवं बसवलं, अंगठ्याने दाबत दाबत चौकटीभोवती फिरले. मग म्हणाले, "आता मी आत थांबतो. तू बाहेरून दार ओढून घे आणि कडी घाल. कडी घातल्यावर दार किती दाबलं जातं ते बघायचंय. कुठे फट राहिली असेल तर आतून उजेड दिसेल. पाच मिनिटांत उघड."

मी दार ओढलं, कडी घातली. बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. ऊन कोवळं होतं, पाठीला बरं वाटत होतं. पाच मिनिटं, मी मनाशी म्हटलं.

जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. माझी मान कठड्याच्या गजाला टेकलेली आणि गालावर गजाचा वळ. दीड तास झाला होता.

मी कडी ओढली ती हाताला लागली, रक्त आलं. हे आत दुर्बिणीच्या चौथऱ्याला टेकून बसले होते. ओरडले नव्हते, दार वाजवलं नव्हतं. वाजवलं असतं तर मी उठले असते. नक्की उठले असते.

"अहो, मी... मला डोळा लागला. हाक नाही का मारायची?"

"मारली असेल," हे म्हणाले. जरा विचार करून म्हणाले, "घट्ट बसलंय आता. कुठूनही उजेड येत नाही."

मग त्यांनी पाणी मागितलं.

५

सोमवारी टाकीत बाराशे निघाले.

नवं रबर, दाराला फट नाही, बाहेर कोरडी हवा, आणि बाराशे. मी वहीत लिहिलं. वहीकडे बघत बसले. मग पाणी नेऊन बेसिनमध्ये ओतलं, रोजच्यासारखं.

घरी काही वेगळं दिसत नव्हतं. हे कामावर जात होते, येत होते. पाणी जास्त पीत होते एवढंच. ओठ फुटले होते, म्हटलं हवा कोरडी आहे. माझे तर कायमच फुटलेले असतात.

गुरुवारी सकाळची गोष्ट. हे खिडकीशी उभे राहून चष्मा पुसत होते. त्यांची पद्धत ठरलेली आहे, काच मग ती गाडीची असो, आरशाची असो. तोंड जवळ नेऊन हाऽ करायचं, काचेवर वाफ धरली की अंगठ्याला फडकं गुंडाळून मधोमध टेकवायचं आणि गोल गोल फिरवत कडेपर्यंत न्यायचं. एक डाग राहत नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मला आमच्या घरातला आरसा असा पुसून दाखवला होता, केवढ्या ऐटीत.

त्यांनी हाऽ केलं. काच तशीच स्वच्छ राहिली. पुन्हा केलं, जास्त जोरात, जास्त जवळून. काहीच धरलं नाही. त्यांनी चष्मा उजेडात धरून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी चहा गाळत होते, गाळतच राहिले. त्यांनी बोट पेल्यातल्या पाण्यात बुडवून काचेवर फिरवलं आणि पुसून टाकलं.

"थंडी नाहीये म्हणून," मी म्हणाले.

"हो," हे म्हणाले. "थंडी नाहीये."

बाहेर लोकांच्या तोंडातून वाफ निघत होती.

६

डॉक्टरांनी हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली, कागदाची घडी राहते तशी. "अंगात पाणी नाही," ते म्हणाले. सलाइन लावलं. दोन बाटल्या गेल्या. रक्त तपासलं, मूत्रपिंडं तपासली, सगळं चांगलं. तिसऱ्या दिवशी कातडी पुन्हा तशीच. "पाणी जातंय कुठे?" डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

मला कुठे जातंय ते माहीत होतं, असं म्हणणं खोटं ठरेल. मला आकडे माहीत होते.

मी रंगाऱ्याला फोन लावला. म्हटलं, शिडीचं विचारावं. एका बाईने उचलला.

"शिडी राहिलीये त्यांची आमच्याकडे," मी म्हणाले.

"राहू दे," ती म्हणाली. "ते गेले. परवा मंगळवारी."

"काय झालं हो?"

"कोणाला कळलंच नाही. वाळत गेले. पाण्याचे हंडे रिते करायचे आणि वाळत जायचे." ती रडत नव्हती, रडून संपलं होतं. "तुम्ही कुठून बोलताय?"

मी फोन ठेवला. ठेवायला नको होता, त्या बाईशी दोन शब्द बोलायला हवे होते. पण माझ्या डोळ्यांसमोर बेसिन होतं. रोज सकाळी मी ते पाणी बेसिनमध्ये ओतत होते, आणि वर नळ सोडून बेसिन धूत होते.

मंगळवारपासूनचे आकडे पाहिले. बाराशे, बाराशे दहा, अकराशे नव्वद. तो गेला होता, आणि आकडा कमी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. टाकीतलं पाणी मी ओतलं नाही. बाटलीत भरून घरी आणलं, दहा मिनिटं उकळलं, गाळलं आणि यांना दिलं. यांनी पेला संपवला. मग पेल्याच्या तळाकडे बघत राहिले.

"कुठलं पाणी हे?"

"कॉलेजातलं. फिल्टरचं. का?"

"काही नाही. ओळखीचं वाटलं."

त्या संध्याकाळी त्यांच्या ओठावर घाम आला. मी तो बोटाने टिपला आणि दाराआड जाऊन बघत राहिले, बोटावरचा तो एवढासा ओलावा. सकाळपर्यंत पुन्हा सगळं कोरडं. उरलेलं पाणी द्यायचं धाडस झालं नाही. त्यात कोणाकोणाचं होतं ते मला ठाऊक नव्हतं.

७

शनिवारी सर परगावी होते. ऋतू बदलला होता. सकाळी इतकं धुकं होतं की गच्चीवरून खालचं फाटक दिसत नव्हतं, कठड्यावरून थेंब ओघळत होते. असल्या दिवशी घुमटाचं दार उघडतानासुद्धा मी दोन वेळा विचार केला असता.

आत गेले, दार लावून घेतलं. मशीनचं बटण बंद केलं.

अठरा वर्षांत तिथे शांतता कशी असते हे मी ऐकलं नव्हतं. घुरघुर थांबली आणि घुमट जवळ आल्यासारखा वाटला. रंगाऱ्याच्या शिडीच्या खालच्या पायरीवर मी बसले. हातात विजेरी, समोर भिंतीवर ओल मोजायचा काटा. चव्वेचाळीसवर होता. मग पंचेचाळीस. मी स्वतःला सांगत होते, तू आत आहेस, तुझ्याच श्वासाने चढतोय. साठला पोचला तेव्हाही मी तेच सांगत होते. एवढ्या मोठ्या घुमटात, एका बाईच्या श्वासाने, वीस मिनिटांत.

मी उठले, दुर्बिणीवरचं आच्छादन काढलं. पुढच्या काचेवरची टोपी काढली. ओल कुठे आहे ते काचेएवढं खरं कोणी सांगत नाही. काच स्वच्छ होती, काळी आणि खोल, विहिरीत डोकावल्यासारखी. विजेरी तिच्यावर तिरपी धरून मी श्वास रोखला.

काचेच्या वरच्या बाजूला एक ठिपका पांढरा झाला. रुपयाएवढा, मग तळहाताएवढा. मग विरला. कोणी तरी तोंड लावून वाफ सोडली आणि मागे घेतली, असा. मी श्वास रोखलेलाच होता. तो पुन्हा आला. त्याच्या शेजारी दुसरा आला, जरा थांबून, आपल्या वेळेला. दोन, मग खंड.

आणि खाली, अगदी कडेला, तिसरा होता. इतका मंद, की तो आहे हे मला उशिरा कळलं. झोपलेल्या माणसाचा असतो तसा. यायचा, खूप वेळ राहायचा, सावकाश जायचा. त्याच्याकडे बघून मला, का कोण जाणे, जांभई आली.

मग दुसऱ्या ठिपक्याच्या मधोमध एक टिंब स्वच्छ झालं. ते टिंब गोल गोल फिरत मोठं होत गेलं, मधून कडेकडे, एक डाग न ठेवता.

मी किंचाळले नाही. "अहो," एवढंच म्हणाले.

झडपेची मोटर जळाली होती, पण बाजूला हाताने फिरवायची साखळी होती. ती वर्षानुवर्षं कोणी ओढली नव्हती. मी ओढली. झडप करकरली, बोटभर उघडली, मग वीतभर. हाताची सालं निघाली. मी ओढत राहिले. दोन्ही कवाडं पूर्ण उघडली आणि धुकं आत उतरलं. आधी भिंतींवरून, मग सगळीकडून. ते नव्या मुलाम्याच्या आरशावर उतरलं, काचेवर, स्क्रूंवर, तारांवर, माझ्या केसांवर. मी दारही सताड उघडून ठेवलं. सिलिकाच्या निळ्या पुड्या डोळ्यांदेखत गुलाबी होत गेल्या.

काचेवर आता सगळाच पांढरा थर होता. त्यात कोणाचं काय, दिसत नव्हतं. "जा," मी म्हणाले. "जा घरी."

दुपारपर्यंत मी तशीच बसून होते. कोणी गेलं का, मला कळलं नाही. एकदा जिन्याच्या लोखंडावर काही तरी वाजल्यासारखं झालं, पण पत्रा उन्हाने तापला की वाजतोच.

८

घरी आले तेव्हा हे मोरीत तोंड धूत होते. मान ओली, शर्टाची पाठ घामाने चिकटलेली. "उकडतंय गं," म्हणाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सोमवारी सर आले. आरशावर डाग धरले होते, तारांची टोकं हिरवी पडली होती. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आच्छादनाची घडी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही?" एवढंच. चौकशी बसली. खुलासा मागितला. मी लिहून दिलं, दार उघडं राहिलं. कारकून म्हणाला, कसं राहिलं तेही लिहा. मी लिहिलं, मी उघडलं. मला खालच्या मजल्यावर वह्या-कागदांच्या कोठारात टाकलं. सरांनी वर्ष संपायच्या आत निवृत्ती घेतली. त्यांच्या निरोपाला मी गेले नाही.

घुमट नव्याने बंद केला गेला. नवीन मशीन आलं, जुन्याच्या दुप्पट. त्याला टाकी नाही. पाण्याची नळी थेट भिंतीवरून खाली गटारात सोडली आहे, म्हणजे रोज कोणी चढायला नको. कोठाराच्या खिडकीतून ती दिसते.

रंगाऱ्याच्या बायकोकडे एकदा जाऊन आले. शिडी पोचती केली. तिने चहा दिला. मी विचारावं तरी काय, आणि कोणत्या तोंडाने.

घरी सगळं ठीक आहे. हे काचा बसवतात, हाऽ करून पुसतात. त्या रविवारबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. परवा दुपारी जेवणं झाल्यावर दोघं आडवे झालो होतो. पडदा ओढलेला, पंखा चालू. मला वाटलं यांना झोप लागली. तर डोळे मिटूनच म्हणाले, "तो रंगारी भला माणूस होता."

मी यांना रंगाऱ्याबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला काय माहीत?"

"होतो की बरोबर. बरेच दिवस." कुशीवर वळून त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. त्यांचा तळवा घामाने ओला होता. "तू झडप उघडलीस तेव्हा आम्ही दोघं निघालो. तुला पण हाक मारली."

"मला? मी तर साखळीपाशी होते."

"ती नव्हे गं. तू आत होतीस ना, खाली, कडेला. आमच्या आधीपासून होतीस. खूप दमली होतीस. मी दोनदा हाक मारली. तू म्हणालीस, पाच मिनिटं पडू दे." हे जांभई देत म्हणाले. "मग म्हटलं, झोपू दे."

थोड्या वेळाने ते घोरायला लागले. मी छताकडे बघत पडून राहिले. घशाला कोरड पडली होती. पाण्याची बाटली हाताच्या अंतरावर होती, नुसतं उठून बसायचं होतं. पण उठवेना.